पडद्यामागचा आवाज

वोल्फ्सबुर्ग,
४ फेब्रुवारी २०२६

ती. आईस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गार्चिंगला प्राचीकडे तुझं बरं चाललंय हे वाचून निर्धास्त झालो. अन्वी आजीला जर्मनमध्ये उत्तरं देते आणि तू मराठीच दामटतेस, म्हणजे आजी-नातीचं छान जमलंय.

आमच्या बँडला मे महिन्यात दहा वर्षं होतील. कारखान्याच्या कँटीनमध्ये येन्स, उलरिके आणि मी तो काढायचं ठरवलं होतं, आणि नाव ठेवलं 'द्राय श्राउबन', म्हणजे तीन स्क्रू. तू म्हणाली होतीस, तिन्ही ढिले. पहिला कार्यक्रम स्टाफच्या पार्टीत झाला. चाळीस माणसं होती, त्यातली निम्मी साहेबाच्या धाकानं थांबलेली. मग बाबांच्या कॅसेटमधला आवाज घेऊन, खाली ठेका टाकून 'सही' केलं आणि दोन वर्षांत हॅम्बुर्ग, लिस्बन, अ‍ॅमस्टरडॅम झालं. पाच हजार गोरी माणसं 'अंगठा पुसला, सही मी केली' यावर उड्या मारतात, अर्थ एकालाही ठाऊक नसतो. त्यानंतरची आमची तीन गाणी साफ पडली, तेही खरं.

आता आमची रेकॉर्ड कंपनी 'सही' नव्यानं काढतेय. त्यासाठी उलरिकेनं मूळ रेकॉर्डिंग पुन्हा तपासलं. त्यात मागं लाइटच्या लाइनची घूं ऐकू येते. ती भारतात आणि इथं एकाच सुराची असते, पण आमच्या रेकॉर्डिंगमध्ये ती सुरात बरीच खाली निघाली. म्हणजे मी बाबांच्या ज्या टेपरेकॉर्डरवरून आवाज उतरवला, त्याचा पट्टा सैल होता आणि कॅसेट हळू फिरत होती. तिनं वेग बरोबर केला आणि आवाज बाईचा निघाला.

कॅसेटवर बाबांच्या अक्षरात 'यादवराव आणि पार्टी, १९८७' होतं. म्हणजे गाणारे बाबाच, पुढं मी विचारच केला नाही. शब्दांवरूनही कळायला मार्ग नव्हता, 'सही मी केली' हे बाईही म्हणते आणि पुरुषही. कोरसमध्ये कुंदाआत्या असायची ना? तिचा आहे का? जरूर कळव. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
यशपाल

गार्चिंग,
९ फेब्रुवारी २०२६

चि. यशपाल यास,
अनेक आशीर्वाद.

कुंदाचा नाही रे. ती बिचारी बेसूर. ह्यांची मानलेली बहीण म्हणून पार्टीत उभी असायची. तो आवाज माझा आहे.

नागपूरला चौदा एप्रिलचा कार्यक्रम होता आणि आदल्या दिवशी ह्यांचा घसा बसला. गाणं मीच जुळवलेलं, तुझी आजी प्रौढ वर्गात सही शिकली त्यावर, म्हणून ते मलाच पाठ. पण मला सातवा महिना, तू पोटात. पोटुशी बाई स्टेजवर कशाला, असं ठरलं आणि मला पडद्यामागं खुर्ची अन् माइक दिला. हे पुढं उभे राहून ओठ हलवत होते. आधी बाईचं गाणं म्हणून पुकारलं होतं, त्यामुळं लोकांना वाटलं, यादवराव बायकी आवाज काढतात. टाळ्या काय पडल्या म्हणून सांगू. पुढं कुणी फर्माईश केली की हे म्हणायचे, तो गळा आता राहिला नाही. ते काही खोटं नव्हतं.

नंतर मी गायले नाही. तू झालास, मग प्राची, मग मला शाळेत नोकरी लागली, आणि गा असं कुणी म्हणालं नाही. तू ते गाणं पहिल्यांदा ऐकवलंस तेव्हाच मी ओळखलं. आवाज जाडा झाला तरी मी श्वास कुठं घेते ते माझं मला कळतं. पण ह्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि तू डोळे पुसत होतास, म्हणून गप्प बसले.

थंडी फार आहे, कानटोपी घालत जा. आईला विसरत नाहीस, तसाच राहा.

तुझी,
आई

वोल्फ्सबुर्ग,
१६ फेब्रुवारी २०२६

ती. आईस,
सविनय जयभीम, वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. मला लाज वाटली. इतकी वर्षं घरात तुला गुणगुणतानाही ऐकलं नाही आणि कधी विचारलंही नाही.

आता अडचण सांगतो. चौदा शहरांचा दौरा ठरलाय आणि पोस्टरवर बाबांचं नाव आहे, खाली 'दिवंगत वडिलांचा आवाज'. कंपनी म्हणते, लोक त्या गोष्टीसाठीच येतात. ती बदलली तर दौरा रद्द, आणि दौरा गेला की बँडही गेला समज. मी कारखान्यात अर्धवेळ का होईना, आहे. येन्सनं मात्र कुंडिगुंग, म्हणजे राजीनामा, देऊन टाकलाय, त्याला दोन लहान मुलं आहेत. उलरिके म्हणते, खरं छापा नाहीतर मी चालले.

तर या दौऱ्यापुरतं बाबांचंच नाव राहू द्यायचं का? डिसेंबरनंतर तुझं घालू. शेवटी घरातलंच आहे, त्यांचं काय आणि तुझं काय. तू म्हणशील तसं करीन. रागावू नकोस, माया असू दे.

तुझा,
यशपाल

गार्चिंग,
२१ फेब्रुवारी २०२६

चि. यशपाल यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. प्राचीला अजून दाखवलं नाही.

येन्सचं वाचून वाईट वाटलं. दुसऱ्याच्या पोटावर पाय येतो तेव्हा तोंड दाखवून बोलावं, म्हणून त्याला घेऊन इकडे ये. त्याला मी सांगते, तू फक्त जर्मन कर.

घरातलंच आहे, हे वाक्य त्या दिवशी टाळ्या पडून गेल्यावर हेही मला म्हणाले होते. मी चहा टाकायला उठले. मला राग आला होता, यशपाल. एप्रिलमध्ये त्याला एकोणचाळीस वर्षं होतील. मी त्यांच्याबरोबर सुखानं संसार केला, शेवटचं पाणी माझ्या हातून प्यायले ते, आणि राग जिथल्या तिथं होता. पाच हजार माणसं नाचली असं तू फोनवर सांगायचास, तेव्हा मला आनंद व्हायचा आणि फोन ठेवला की रडू यायचं. प्राचीला वाटायचं, नागपूरची आठवण येते.

तुझे बाबा वाईट नव्हते. त्यांनी मला विचारलं नाही, एवढंच. विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते, बावीस वर्षांची तर होते. तू विचारलंस, हे फार चांगलं केलंस.

माझं उत्तर नाही असं आहे.

या उत्तरानं माझ्यावरची माया कमी झाली तर तेही मोकळेपणानं लिही.

तुझी आई,
कमलाबाई