न चाखलेला मासा

१४ ऑक्टोबर

सौ. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार वाकून केला आहे असं समज, कारण या घरात वाकायला जागा नाही. स्वयंपाकघरात दोघं उभे राहिलो की फ्रिज उघडत नाही. एकाने बाहेर जायचं, दुसऱ्याने दूध काढायचं. ओट्यासमोर खिडकी आहे आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. तरी मला हे घर आवडतं, कारण इथे मला कुणी गप्प बस म्हणत नाही.

आपल्या घरी जेवताना मी तोंड उघडलं की तू डोळे वटारायचीस. इथे उलटं आहे. दर गुरुवारी ह्यांना साप्ताहिकातल्या त्यांच्या खाण्यावरच्या पानासाठी कुठेतरी जेवायला जावं लागतं, आणि मीही सोबत जाते. ताट आलं की ते आधी माझ्याकडे सरकवतात. मग विचारतात, आधी काय लागलं, मागून काय आलं, वास कशासारखा आहे. मी बडबडत सुटते आणि हे कान देऊन ऐकतात. खाऊन पगार मिळवणारा नवरा मिळाला म्हणून मैत्रिणी जळतात. नवरा ऐकून घेतो हे सांगितलं तर खाक होतील.

घरीही तसंच. सोमवारी माझं कस्टर्डचं दूध बुडाला लागलं. असा करपट वास सुटला की खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात येऊन काय जळतंय विचारून गेली. टाकून देणार होते, पण हे दोन वाट्या खाऊन फर्स्ट क्लास म्हणाले. मला भरूनच आलं. इतका भला माणूस असतो का गं? की मला घाबरतात?

आईचे गुडघे कसे आहेत ते कळव. माझ्यावरचा लोभ उतू गेला तरी चालेल, पण आटू देऊ नकोस.

तुझी,
चिमणी


२० ऑक्टोबर

चि. चिमणीस,

अ. आ. पत्र पोचलं. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तुझं पत्र मोठ्याने वाचून घेताना ती तासभर विसरली. करपलेल्या दुधाचं ऐकून म्हणाली, जावयाला दृष्ट लागेल, कुणाला सांगू नकोस म्हणावं. मी म्हटलं, दोन वाट्या म्हणजे जरा अतीच. एक वाटी प्रेमापोटी समजू शकते.

आता एक गंमत. जावईबापूंचं साप्ताहिक आमच्या शिवणाच्या दुकानात एक गिऱ्हाईक आणतं. काल काजं करता करता त्यांचं पान वाचलं. त्यात लिहिलंय की अमुक ठिकाणचा पाव म्हणजे आजारातून उठल्यावर पहिल्यांदा डोकं ठेवलेली धुतलेली उशी. अगं, हे तुझं बोलणं आहे! तू आठ वर्षांची असताना तापातून उठून अगदी हेच म्हणाली होतीस, आणि आम्ही सगळे हसलो होतो. पुढे रश्श्याबद्दल लिहिलंय, आधी लाजतो आणि मग अंगावर येतो. हेही तुझंच. मी दुकानात एकटीच हसत बसले. नवऱ्याने बायकोचे शब्द चोरावेत, म्हणजे संसार जमला म्हणायचा. पण नाव त्यांचं एकट्याचंच का, हे एकदा लाडात येऊन विचार.

जपून राहा. राग आला तरी आधी मला लिही, मग त्यांच्यावर काढ.

तुझी,
ताई


२९ ऑक्टोबर

सौ. ताईस,

सा. न. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर सोडून दे. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी हसत हसत कपाटातले जुने अंक काढले. सगळी पानं वाचली आणि हसू गेलं. लग्नानंतरच्या एक सोडून प्रत्येक पानात मी होते, ओळीच्या ओळी. त्यांत चवीबद्दल त्यांचं स्वतःचं एक वाक्य सापडेना. विचारायचं ठरवलं, पण अंक परत कपाटात ठेवून दिले.

मग काल दुपारी चार वाजता मी भाजी घेऊन जिना चढत होते. दुसऱ्या मजल्यावरच गॅसचा वास आला. तिसऱ्यावर तर डोळे चुरचुरायला लागले. दार उघडलं तर हे स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल टाकून लिहीत बसलेले, शांत, जणू काहीच नाही. मला बघून उठले आणि म्हणाले, दमलीस, चहा टाकतो. ताई, त्यांच्या हातात काडेपेटी होती. काडी बाहेर काढलेली होती.

मी भाजीची पिशवी त्यांच्या हातावर मारली. काडेपेटी उडाली. नळी शेगडीपाशी निसटली होती. सिलिंडरचा खटका बंद केला, खिडकी उघडली आणि त्यांना दंडाला धरून जिन्यात ओढत आणलं. मी ओरडत होते की वास येत नाही का तुम्हाला. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, नाही येत. गेल्या वर्षीच्या तापापासून कसलाच वास येत नाही. खारट, आंबट, तिखट तेवढं जिभेला कळतं, बाकी सगळं कागदासारखं.

घरात कुणाला सांगितलं नाही, संपादकांना नाही, मला तर नाहीच. लग्नाआधी एक फोटोग्राफर मित्र सोबत असायचा, त्याला बोलतं करून पान भरायचे. तो दुसरीकडे गेला आणि मग मी आले. मला आमची पहिली भेट आठवली. मी सरबत पिऊन त्याच्याबद्दल पाच मिनिटं बोलले होते आणि हे माझ्याकडे बघतच राहिले होते. मी वेडी, समजले की डोळ्यांत भरले. मी विचारलं, म्हणून मला होकार दिलात का? खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, तेही एक कारण होतं.

अजून संपलेलं नाही. जुलैत मला सर्दी झाली होती तेव्हा हे एकटेच गेले होते, आमच्याच रस्त्याच्या टोकाला एका म्हाताऱ्या जोडप्याची खानावळ आहे तिथे. मासा गार होता आणि बाकी कुणी मासा मागवत नव्हतं. तेवढ्यावरून लिहून मोकळे झाले, मासा शिळा, तेल जुनं. ती खानावळ मी रोज बघते. टेबलं पुसलेली असतात आणि माणसं नसतात.

बॅग भरून ठेवली आहे. येऊ का?

चिमणी


२ नोव्हेंबर

चि. चिमणीस,

अ. आ. पत्र वाचताना हातात कात्री होती. कुणाच्या तरी नव्या कोटाची बाही नको तिथे कापली गेली. आईला सांगू नकोस म्हणालीस, पण माझा चेहराच तिने वाचला. शेवटी सगळं सांगावं लागलं. तिने एकच विचारलं, की काडी ओढली नव्हती ना? मी नाही म्हटल्यावर रडली.

तुला उत्तर लगेच हवं असेल. ये. दार उघडं आहे, का आलीस असं कुणी विचारणार नाही, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं तर मी बघून घेते. मी स्वतः रात्रभर धुमसले. आमच्या पोरीला बघायला आले होते की चव सांगणारं माणूस नेमायला?

पण थोडी थंड झाल्यावर दुसरंही सुचतंय. नाक गेलं यात त्यांचा दोष नाही. पगार जाईल म्हणून घाबरले, हेही समजतं. तुझ्यापासून लपवलं, ते माफ करायचं की नाही हा तुझा प्रश्न. आम्ही त्यात पडणार नाही. त्या म्हाताऱ्यांचं मात्र तसं नाही. त्यांनी कुणाचं काय वाकडं केलं होतं? यायचं असेल तर ये, पण आधी त्या माणसाला त्या दारात उभं कर. तो तिथे कसा उभा राहतो ते बघ, आणि मग बॅग उचल किंवा ठेव.

आई सांगते, नळी नवी बसवून घे. आजच.

तुझीच,
ताई


१८ नोव्हेंबर

सौ. ताईस व ती. आईस,

सा. न. वि. वि. नळी नवी बसवली. बॅग अजून भरलेलीच आहे, लागेल तसा एकेक कपडा काढते.

तुझं पत्र मी त्यांना वाचायला दिलं. दुसऱ्याच दिवशी ते संपादकांकडे गेले. संपादक म्हणे आधी हसले, त्यांना थट्टा वाटली. मग खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. पान बंद झालं. गेल्या अंकात ह्यांच्या नावानिशी चौकट आली, की वर्षभर मी चव न कळता लिहिलं आणि माशाबद्दल लिहिलेलं सगळं मनचं होतं. आता मुद्रितं तपासायचं काम दिलंय, पगार निम्मा. ऑफिसात कुणी त्यांच्याशेजारी डबा उघडत नाही.

मला वाटलं, चौकट छापून आली म्हणजे झालं. पण खानावळीत गेलो तर त्यांना काहीच माहीत नव्हतं. जुलैपासून त्यांनी ते साप्ताहिक घरात येऊच दिलं नव्हतं.

दुपारी तीनची वेळ. मालकीणबाई गल्ल्यावर होत्या, दुसरं कुणी नाही. हे उभ्याउभ्याच सगळं बोलले. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, तापाचं नावसुद्धा काढलं नाही. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी आत यजमानांना हाक मारली आणि म्हणाल्या, हे त्यांनाच सांगा. मासा ते करायचे, ते छापून आलं त्या दिवसापासून शेगडीला हात लावलेला नाही.

आतून ते आले. उंच, वाकलेले, हात पुसत. ह्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. म्हाताऱ्यांनी एकच विचारलं, म्हणजे तुम्हाला चव लागलीच नव्हती? हे म्हणाले, अजिबात नाही. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. ह्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

ताई, मला वाटलं आता हात उगारतील. मी मध्ये जायला एक पाऊल टाकलंसुद्धा. पण ते खुर्चीवर मटकन बसले. म्हणाले, चाळीस वर्षं मासे निवडतोय. तुमचं वाचल्यावर वाटलं माझंच नाक गेलं. चार महिने रोज सकाळी मासा हातात घेतो, वास घेतो, ताजा वाटतो, आणि विश्वास बसत नाही म्हणून बायकोला विचारतो. ती ताजा म्हणाली तर वाटतं, माझं मन राखतेय. बाई तोंड फिरवून उभ्या होत्या. ह्यांनी हात जोडले.

मग म्हातारे उठून आत गेले. शेगडी पेटल्याचा आवाज आला तशा बाईंनी गल्ल्याची कड दोन्ही हातांनी धरली. थोड्या वेळाने ते मासा घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवला. मला म्हणाले, तुम्ही खा, आणि खरं असेल ते सांगा. मी खाल्ला. ताजा आहे, एवढंच सांगता आलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

हे अजून उभेच होते. हळूच म्हणाले, मलाही थोडा मिळेल का? म्हाताऱ्यांनी विचारलं, तुम्हाला त्यातलं काय कळणार? हे म्हणाले, काही नाही, पण सकाळपासून जेवलो नाही, भूक लागलीय.

म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग शेजारच्या टेबलाची खुर्ची पायाने ओढली आणि बसा म्हणाले.

आईला सांग, मी अजून काही ठरवलेलं नाही. ठरेपर्यंत दोघी माझ्यावर माया ठेवा. ठरल्यावर तर जास्तच लागेल.

तुमची,
चिमणी