तापलेली सुई

बुधवार, संध्याकाळ. सातारा.

हमीदचाचांच्या रिपोर्टवर सही केली नाही. करणारही नाही.

रहिमतपूरच्या त्यांच्या घाण्याचं शेंगतेल आज आमच्या लॅबमध्ये नापास झालं. फोनवर सांगितलं, तर एवढंच म्हणाले, "आवं मॅडम, माझ्या घाण्यात शेंगांबिगर काय बी पडत न्हाई." त्यांनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

दोष तपासणीच्या यंत्रात नमुना सोडणाऱ्या सुईचा आहे, हे मी महिनाभर सांगतेय. यंत्राच्या तोंडाशी असलेल्या तापलेल्या इंजेक्टरमध्ये सुई घातली की हलकी स्निग्धाम्लं उडून पुढं जातात आणि जड आम्लं सुईतच चिकटून राहतात. शेंगतेलाची ओळखच त्या जड आम्लांवर! ती कमी दिसली की लगेच भेसळीचा शिक्का. नमुना थंडच ठेवून थेट कॉलममध्ये, म्हणजे आम्लं वेगळी करणाऱ्या आतल्या नळीत, सोडू या म्हटलं, तर आमचे लॅबप्रमुख सर म्हणतात, "कॉलम खराब होईल. आणि आजवर कुणी तक्रार केलीय का?" कोण करणार? घाणेवाला?

म्हणून दुपारी दुसरी बाटली उघडली. सरांच्या आईंनी पलूसहून आम्हा सगळ्यांना पाठवलेली, घरच्या रानातल्या शेंगांची. तीच सुई, तोच तापलेला इंजेक्टर. नापास! मग दोन्ही तेलं थंड, थेट कॉलममध्ये सोडली. दोन्ही पास. कॉलमला काहीही झालं नाही.

उद्या चारही आलेख सरांच्या टेबलावर ठेवणार. चाचांनी भेसळ केली म्हणायचं असेल, तर आधी पलूसला आईंना फोन लावा म्हणावं.