वाळूतल्या खुंट्या

२० जानेवारी
जवळा सुकवतो त्या वाळूत खुंट्या ठोकल्यात. शेजारची तारा, नवरा गेल्यापासून सुक्या मासळीवरच जगते, ती रडत आली. माझ्या सुनेला ग्रामपंचायतीत पाठवलं. म्हणे पर्यटकांसाठी बाकडी आणि बाग. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मंजूर.
त्या दिवशी आम्ही होतो की तिथे! झेंडा झाला, लाडू घेतला, घरी आलो. सभा त्यानंतर असते हे कोणाला ठाऊक? वाळूसमोर बंगला बांधलाय त्या बंगलेवाल्याला ठाऊक. तो बसून राहिला, बाकड्यांचं त्यानेच मांडलं.

२१ जानेवारी
आज रापण आठवली, सगळ्या वाडीने मिळून किनाऱ्यावर ओढायचं ते मोठं जाळं. जाळं ओढायला लागले की घरोघर हाक जायची. दोरीला हात लावला त्याला वाटा. म्हातारी काशी नुसती दोरी धरून उभी असायची, तिलाही. आमचे हे वाटे घालायचे, सगळ्यांदेखत, वाळूवर. हाक चुकली त्या घराचा वाटा टोपलीत वेगळा. हे फार बोलत नसत. वाटा मात्र कोणाचा बुडू दिला नाही.

२५ जानेवारी
पूर्ण वाडी फिरले. उद्या लाडू खाऊन पळायचं नाही, सभेला बसायचं. एक म्हणाली, "आये, मत दिलाव मां? आता आणि कित्याक जावचा?"
मलाही इतकी वर्षं तसंच वाटायचं, मत दिलं की झालं. रांगेत आम्ही पहिल्या. मतंही आमचीच जास्त.

२६ जानेवारी
बसलो. मासळी कावळ्यांवर सोडून.
ताराने विचारलं, "आमचो वाटो खंय?"
सरपंच म्हणाले, सुकवायच्या ओट्यासाठी अर्ज करा, मे महिन्यात बघू. तोवर बाकडी होणार, आणि पुढे पाऊस.
बंगलेवाला गोड आवाजात, "काकी, तुम्ही तेव्हाच बोलायला हवं होतं."
खोटं नाही बोलला. तेच झोंबतंय.

३० जानेवारी
सोमवारी वाळू सपाट करायला ट्रॅक्टर येणार. ताराने खुंट्यांच्या मधेच जवळा पसरलाय. मीही माझी टोपली तिथेच ओतली.
संध्याकाळी घरोघर हाक मारून आले. पाय दुखतायत. शेवटी बंगला. हाक द्यायला निघालं की घर वगळायचं नाही, अशी पद्धत. फाटकाशी उभी राहिले. तो गॅलरीत आला.
म्हटलं, "सोमवारी सकाळी दर्यार ये रे. मागसून म्हणू नको, माका कोणी सांगूक नाय."