घरापुरता संकल्प

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचं तेव्हाचं वय आता मी गाठत आलो आहे, आणि तरी तुम्हाला लिहायचं म्हटल्यावर मी आधी पाठ ताठ केली. बागेतल्या मांगरात बसलोय. एका बाजूला खताच्या गोणी, दुसऱ्या बाजूला आंब्याच्या रिकाम्या पेट्या, डोक्यावर तापलेला पत्रा. घरात पंखा आहे, टेबल आहे, मग हा इथे कशाला घाम गाळतोय, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायचं आहे, पण जरा वळसा घालून सांगतो. सरळ सांगायची माझी सवय मोडली आहे.

तुमच्या पडवीतली ती सकाळ मला अजून दिसते. आम्ही पोरं ओळीने बसलोय, तुम्ही पाटावर, आणि मी मोठ्या तोऱ्यात मंत्र म्हणतोय. मागच्या फणसाखाली नुकतीच बिडी ओढून आलोय, वर तोंडात आंब्याचं पान चघळलंय, म्हणजे बंदोबस्त चोख. तुम्ही हात वर करता. "थांब रे. आज तुझ्या मंत्राला धूर लागलाय." बाकीचे फिदीफिदी हसायला लागतात. तुम्ही त्यांच्याकडे बघता, "हसता काय? त्याचा वास आला, तुमचा यायचाय, एवढंच." आणि एवढं बोलून कनवटीची डबी काढता, चिमूटभर तपकीर नाकात कोंबता आणि सबंध आळीला ऐकू जाईल असं शिंकता. अधिकारी पुरुषाचा उपदेश होता, त्याबद्दल शंका नाही. माफ करा गुरुजी, पण तुमची ही खोडी काढल्याशिवाय मला पुढे जाता येईना.

बिडीची पुढे सिगारेट झाली. तुमच्या कृपेने संस्कृतचा मास्तर झालो, हायस्कुलात पोरांना सुभाषितं शिकवली, इंद्रियनिग्रहावरची विशेष तन्मयतेने, आणि मधल्या सुट्टीत सायकल स्टँडच्या मागे जाऊन आलो. सोडायचे प्रयत्न केले नाहीत असं मात्र नाही. लवंग धरून पाहिली, वेलदोडे खाल्ले, बडीशेपेच्या इतक्या पुड्या संपवल्या की वाण्याला वाटलं घरी मंगलकार्य आहे. ब्लेडने सिगारेटचे दोन तुकडे करून अर्धी-अर्धी ओढायचं ठरवलं, तर दोन्ही अर्ध्या पाठोपाठ ओढल्या. निकोटीनची पट्टी मिळते, ती दंडाला चिकटवायची. पण तिला आपल्या रत्नागिरीच्या घामाची कल्पना नसावी, ती न्हाणीघराच्या मोरीत सापडली. निकोटीनचा गमही घेतला. तो दोनदा चावून गालात दाबून ठेवायचा असतो. मी तो विड्यासारखा चघळला आणि वर्गात उचक्या देत बसलो. सरकारी इस्पितळात समुपदेशन असतं म्हणून तिथेही गेलो, तर समोरच्या खुर्चीवर माझीच जुनी विद्यार्थिनी. "सर, तल्लफ नेमकी कधी येते?" मी म्हटलं, चहा घेतल्यावर, जेवल्यावर, पेपर तपासताना आणि कोणी असा प्रश्न विचारला की. ती हसली नाही. तिने नीट सांगितलं, तल्लफ आली की ती थोड्या वेळात ओसरते, तेवढा वेळ पाणी प्या, चालत राहा, चहाची जागा बदला, घरच्या माणसांना सांगून ठेवा. सगळं पटलं. पहिले काही दिवस जमलंही. मग झोप उडाली, पोट साफ होईना, खोकला उलट वाढला, आणि बायकोच्या आमटीत मीठ आहे की नाही यावरून मी असा भांडलो की तीच म्हणाली, "अहो, जा एकदाची ओढून या." मला तेवढंच हवं होतं. कित्येक वर्षं मी दोष त्या आमटीवर ढकलला.

आता मुद्द्यावर येतो. मुलीला दिवस गेले. एकुलती एक, पुण्याला असते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुम्हाला सांगायला नको. बायकोने बातमी ऐकल्या दिवसापासून जुनी लुगडी उकळून वाळवून दुपट्यांसाठी काढली, अळीव आणून ठेवले. आणि मुलीने फोनवर तिला सांगितलं, "आई, बाबा सिगारेट सोडणार असेल तर मी येते. नाहीतर इथेच बरी. डॉक्टर म्हणाले, कपड्यांना लागलेला धूरसुद्धा बाळाला नको." ती लहानपणी रात्र रात्र धापा टाकायची, गुरुजी. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. तेव्हाही डॉक्टरांनी मला हेच सांगितलं होतं, आणि मी मोठा त्याग केल्यासारखा घरातून उठून पडवीत ओढायला बसायचो. पडवीचं दार तिच्या खोलीत उघडायचं. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला.

त्या फोननंतर बायको दुपट्यांच्या घड्या घालून कपाटात परत ठेवायला लागली. ते बघवेना म्हणून मी म्हटलं, उद्या हातावर पाणी घेऊन सिगारेट सोडायचा संकल्प करतो. पुढे शिकायला निघालो तेव्हा तुम्ही मला तांब्याचं पंचपात्र दिलं होतंत, ते चिंचेने घासून घेतलं. बायकोने देवापुढे रांगोळी घातली, नैवेद्याला शिरा केला. मी सोवळं नेसून बसलो, हातात पळीभर पाणी घेतलं, देश म्हटला, काळ म्हटला. संकल्प म्हणताना जे करणार तेवढंच बोलायचं, मोघम काही नाही, असं तुम्ही आम्हाला बजावायचात. "देव बहिरा नाही," म्हणायचात. आणि नेमकं तेच तुमचं शिक्षण माझ्या जिभेवर आलं. मी म्हटलं, अस्मिन् गृहे धूमपानं न करिष्ये. या घरात धूम्रपान करणार नाही. या घरात! हात जोडून मागे उभ्या असलेल्या बायकोला त्यातलं काय कळणार? तिने डोळ्यांना पदर लावला, मला शिरा वाढला आणि मुलीला फोन केला. मी तो शिरा मागून घेऊन खाल्ला. खोटं तर बोललो नव्हतो. अडाणी माणसाला सरळ खोटं बोलावं लागलं असतं. तेवढ्यापुरती माझी विद्या कामी आली.

मुलगी सातव्यात आली. मी बागेत जास्त रमू लागलो. कलमांच्या बुंध्यांची साफसफाई, गवत काढणं, आळ्यांना दगड लावणं. गड्याला वाटलं मास्तरांना सुट्टीत शेतीचा छंद लागला. मांगरात जुना सदरा टांगून ठेवला होता, तो घालून ओढायची, मग विहिरीवर हातपाय धुऊन, तोंडात वेलची टाकून घरी. संध्याकाळी मुलीच्या खुर्चीशेजारी बसून स्तोत्रं म्हणायची, बाळाच्या कानावर पडावीत म्हणून. ही तिचीच हौस. एका संध्याकाळी मी दोन श्लोक म्हटले आणि तिने खुर्ची थोडी मागे ओढली. मी जवळ सरकलो, तिने आणखी मागे घेतली.

"बाबा, तो संकल्प कसा केलास ते म्हणून दाखव ना. आई सांगत होती, फार छान म्हटलास."

"तो काय पुन्हा पुन्हा म्हणायचा असतो का गं?"

"म्हण की. बाळाला ऐकू दे."

वेगळे शब्द घालून म्हणता आलं असतं. पण पोटातल्या पोराचं नाव घेतलं तिने. जसा केला होता तसा म्हटला. दहावीला संस्कृतात तिला पैकीच्या पैकी मिळाले होते. शिकवणारा मीच.

ती अगदी हळू म्हणाली, "गृहे? म्हणजे फक्त घरात?" आणि ती हसली. रागावली असती तर मला काही तरी बोलता आलं असतं. आत बायको लाडवांसाठी खोबरं किसत होती, किसणीचा आवाज येत होता. मुलगी म्हणाली, "तिला यातलं काही सांगू नकोस. मी उद्या पुण्याला जाते, तिला काहीतरी कारण सांगेन." मी म्हटलं, पुन्हा संकल्प करतो, नीट करतो, तू शब्द सांग. "नको रे बाबा. तुझे संकल्प नकोत. तुला शब्द फार चांगले येतात." मग म्हणाली, "एकच कर. ओढलीस की मला येऊन सांगायचं. त्याच दिवशी, मी विचारायच्या आत. मी ओरडणार नाही. फक्त लपवायचं नाही. लपवलंस की गाडी मागवते, मग आईला काय सांगायचं ते तू सांग."

त्या रात्री मला तुमचा चातुर्मास आठवला. तुम्ही आषाढीला तपकीर सोडलीत आणि डबी माझ्याकडे दिलीत, "मी मागितली तरी देऊ नकोस." मी ती तांदळाच्या कणगीत पुरली. श्रावण लागायच्या आत तुम्ही माझ्यामागे येऊन उभे. नाक चोंदलेलं, डोळे लाल, सूत्र सांगताना मधेच विसरलेले. "काढ रे ती." मी काढून दिली. तुम्ही चिमूट घेतलीत, आणि घेतल्याबरोबर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिलात. "अगो, घेतली मी." काकू चुलीपुढून म्हणाल्या, "बरं. हात धुवा, पानं घेतल्येत." पुन्हा डबी माझ्या हातात. असं त्या चार महिन्यांत कितीदा झालं. पाठशाळेत आम्ही तुमची नक्कल करायचो, "अगो, घेतली मी," आणि सगळ्यात हुबेहूब मी करायचो. कार्तिकात मात्र तुम्ही दाराशी जायचे थांबलात, कारण सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे मी तेव्हा पाहिलंच नाही. नकलेत ते बसत नव्हतं.

गुरुजी, दारात जाऊन उभं राहणं किती अवघड असतं! पट्टी, गम, लवंग यांतलं काहीही सोपं म्हणावं लागेल. पहिल्यांदा मुलीपुढे गेलो तेव्हा म्हटलं, "आज बागेत जरा…" ती म्हणाली, "पूर्ण वाक्य." वाक्य पूर्ण केलं. ती "बरं" म्हणाली आणि पायावरून पाय बदलून बसली, पाय सुजलेत तिचे. त्यानंतर काडी पेटवताना मला तिचा तो चेहरा आधी दिसायला लागला. कित्येकदा काडी विझवली. पाकीट संपलं तर दुसरं आणलं नाही. वेलची बंद केली, कारण तिचा उपयोग फक्त लपवायला होता. सलग बरेच दिवस सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि परवा ती खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "आज मोठं म्हण, तो लाथा मारतोय."

आता दिवस भरत आलेत. बायकोने बाळंतिणीची खोली सारवल्यासारखी लख्ख पुसून ठेवली आहे. आज दुपारी जेवण झाल्यावर मी इथे आलो, पेट्या मोजायच्या म्हणून. एका पेटीच्या तळाशी एक सिगारेट सापडली, दमट, वाकडी. ती मी ओढली. चवही आली नाही. मग घरी जायच्या ऐवजी पाठकोरे कागद शोधले आणि तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला सांगितलं की झालं, असं काहीतरी मनाशी चाललं होतं. तुम्ही ओरडणार नाही, खुर्चीही मागे घेणार नाही.

हे पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्न नाहीच. जिला सांगायचं ती इथून हाकेच्या अंतरावर आहे. दुपारची झोप झाली असावी, विहिरीकडच्या वाटेवर तिचा आवाज येतोय, आईला विचारतेय, "बाबा कुठाय गं?" बायको म्हणतेय, "असतील बागेत, पेट्या मोजतायत." गुरुजी, एकही पेटी मोजलेली नाही.