तुम्ही गाळलेला तास

पप्पा,

तुमचं जहाज तोडून झालं. बातमी जुनी आहे, पण तुम्ही गेल्यानंतरची आहे, म्हणून आधी तीच सांगते. निवृत्त केल्यावर ते काही वर्षं गोदीत नुसतं बांधून ठेवलं होतं. मग टगबोटींनी ओढत गुजरातच्या किनाऱ्याला नेलं आणि तिथे कापलं. ते मुंबईतून निघालं त्या दिवशी तुमच्याबरोबरचे काका लोक किनाऱ्यावर उभे राहून बघत होते. त्यांच्यापैकी एकाने आईला फोटो पाठवला. फोटोत जहाज अंगठ्याच्या नखाएवढं आहे, पण पुढचा वर उचललेला डेक ओळखू येतो, जिथून विमानं सुटायची. आईने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "एवढं मोठं जहाज, आणि हा माणूस त्यात सहा फुटांच्या फळीवर झोपायचा." मग फोन उलटा ठेवून भाजी निवडायला बसली.

मी आता विमानांच्या देखभालीचं काम करते, अंधेरीला, विमानतळालगतच्या एका हँगरमध्ये. तुम्ही गेलात तेव्हा मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पुढे काय करणार ते तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं. काम मला आवडतं. आमच्याकडेही हत्यारांचा फळा आहे, प्रत्येक पान्याची आणि पकडीची बाह्यरेषा रंगवलेली, म्हणजे एखादं हत्यार परत आलं नाही तर रिकामा आकार लगेच दिसावा. पहिल्या दिवशी तो समजावून सांगायला लागले तेव्हा मला हसू आलं. बोरीवलीच्या आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तुम्ही निळ्या ऑइलपेंटने झारा, उलथनं, चिमटा, किसणी आणि लाटणं यांचे आकार काढले होते. तुम्ही नौदलातून नुकतेच घरी आला आहात, मी आठ वर्षांची आहे, आणि आई पोळी तव्यावर टाकून तुमच्याकडे वळते. "हे काय जहाज आहे का? झारा हरवला तर काय विमान पडणार आहे?" तुम्ही ब्रश पुसता आणि गंभीरपणे म्हणता, "झारा हरवत नाही. झारा कुणीतरी हरवतं." तुम्ही गेल्यावर दोनदा घराला रंग दिला. त्या भिंतीला दोन्ही वेळा आईने हात लावू दिला नाही.

जहाज मी एकदाच पाहिलं. घरच्यांना एक दिवस समुद्रात घेऊन जायचे, त्या वेळी. मी सात वर्षांची होते. विमान उडवायच्या आधी डेक साफ असायला हवा, एखादा स्क्रू, खडा, तारेचा तुकडा जरी इंजिनने ओढून घेतला तरी इंजिन जातं, म्हणून सगळे खांद्याला खांदा लावून एका रांगेत, मान खाली घालून, डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात आणि दिसेल ते उचलतात. आचारी, कारकून, अधिकारी, सगळे. त्या दिवशी तुम्ही आम्हा मुलांनाही रांगेत घेतलं. मला काहीतरी सापडलं म्हणून मी ओरडले. हेअरक्लिप होती, आणि माझीच होती. तुम्ही ती खिशात टाकलीत आणि म्हणालात, "आपली असली तरी मोजायची." बाकीचं जहाज मला धड आठवत नाही. गरम लोखंडाचा आणि केरोसिनचा वास आठवतो, आणि तिथे तुम्ही घरातल्यापेक्षा उंच वाटत होता ते आठवतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. चौथीत माझा कंपास हरवला आणि मी दोन दिवस सांगितलं नाही. कळल्यावर तुम्ही रागावला नाहीत, स्टुलावर बसवून विचारलंत, "हरवला ते हरवला. तुला कधी कळलं? आज की परवा?" मी म्हणाले, "आज." तुम्ही म्हणालात, "दुसऱ्यांदा विचारतो." मी रडत "परवा" म्हणाले. तेव्हा तुम्ही पकडीची गोष्ट सांगितली. तुमच्या हत्यारांच्या खोक्यातली एक पक्कड जहाजावर हरवली, ती विमानातच राहिली असणार हे तुमच्या लक्षात आलं, आणि तुम्ही त्याच क्षणी जाऊन सांगितलं. उड्डाणं थांबली. सगळ्या जहाजाने शोधली. इंजिनाजवळच्या एका कप्प्यात सापडली. कप्तानाने तुम्हाला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. ही गोष्ट तुम्ही मला पुढे निदान दहा वेळा सांगितलीत आणि प्रत्येक वेळी "त्याच क्षणी" या शब्दांवर जोर द्यायचात.

दीड महिन्यापूर्वी, एका शुक्रवारी, माझ्या हातून एक बिट हरवली. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला बसवतात ती, करंगळीच्या पेराएवढी. बिटांचा एक चपटा डबा असतो. सकाळची मोजणी करताना डबा जागेवर होता म्हणून मी बरोबरची खूण केली. डबा मोजला, डब्यातलं मोजलं नाही. दुपारी दोन पन्नासला काम संपवून डबा उघडला तर एक खाच रिकामी. मी विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला झाकणं उघडून काम केलं होतं आणि ती झाकणं लावून झाली होती. बिट सकाळपासूनच नसेल, असंही असू शकत होतं. मी खिसे पाहिले, जमीन पाहिली, गटारावरची जाळी पाहिली. विमान बाहेर ओढून न्यायला ट्रॅक्टर आला तेव्हा मी पाळीच्या मुख्य सरांकडे गेले. घड्याळात तीन पंधरा झाले होते. ट्रॅक्टर थांबला, झाकणं पुन्हा उघडली, सहा जण चार तास शोधत होते. बिट पंखातच मिळाली, हलणाऱ्या भागाच्या बिजागरीपाशी.

सर चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "डबा न उघडता खूण केलीस, तिथे चुकलीस. पण लगेच बोललीस ना, तेच खरं. नाहीतर आपली वाट लागली असती." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शिका जरा हिच्याकडून." सोमवारी मला लेखी अहवाल द्यायचा होता. त्यात एक रकाना असतो, हत्यार नाही हे केव्हा लक्षात आलं. पुढच्या महिन्यात मला विमान उडण्यालायक असल्याची सही करण्याचा अधिकार मिळणार होता. पाच वर्षं मी त्यासाठी परीक्षा देत होते. शुक्रवारी रात्री मी त्या रकान्यात तीन पंधरा लिहिलं. शनिवारी कागद फाडला आणि दुसऱ्यावर पुन्हा तेच लिहिलं. पंचवीस मिनिटं कुणी पाहिली नव्हती.

रविवारी तुमच्या जहाजावरच्या लोकांचं वार्षिक जेवण होतं, बोरीवलीतच, एका सोसायटीच्या हॉलमध्ये. आई दरवर्षी जाते. मी तिला सोडायला गेले आणि काकांनी हात धरून बसवलं. जहाज राहिलं नाही, पण ते लोक अजून त्यावरच फिरतात. जेवणघरातून डेकवर जायला किती पायऱ्या, यावर दोन काका भांडत होते, एकाने टेबलावर अंथरलेल्या कागदावर पेनाने जिने काढले, दुसऱ्याने त्यातली एक शिडी खोडली, "ही नंतर बसवली रे, तू लिबर्टी घेऊन किनाऱ्यावर गेला होतास." तुमच्या खोक्याशेजारी ज्यांचं खोकं असायचं ते मालवणचे काका माझ्या बाजूला होते. मी त्यांना सहज विचारावं तसं विचारलं, "पप्पांनी पक्कड हरवल्याचं लगेच सांगितलं, तेव्हा तुम्ही तिथे होता ना?"

काका इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा सांडला. "लगेच? तुझो बापूस? तासभर बोलूक नाय गो! माझ्या बाजूक बसलेलो, तोंडाचो रंग उडालेलो. मी म्हटलंय, काय झाला? तर म्हणता, काय नाय."

समोर बसलेले घाटकोपरचे काका, जे जहाजावर आचारी होते, त्यांनी मान वर केली. "त्या सकाळी पुरी-भाजी होती. याने सात पुऱ्या घेतल्या आणि एकही खाल्ली नाही. मला वाटलं भाजी बिघडली. दोन दिवस याला वाटेत अडवून विचारत होतो, यार, मीठ जास्त पडलं होतं का?"

"इंजिन चालू करूचो इशारो झालो," मालवणचे काका म्हणाले, "तेव्हा उठलो आणि दोनय हात वर करून डेकवर धावत सुटलो." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि मागसून माका काय म्हणालो म्हायत असा? पोरीक सांगताना तो तास गाळतंय. मी विचारलंय, कित्याक? तर म्हणता, ती माझ्यासारखी भिवची नाय म्हणान."

आईला हे सगळं ठाऊक होतं. ती पान लावत होती. "ताप आला होता त्यांना नंतर," एवढंच म्हणाली.

जेवण आटोपल्यावर त्यांचा एक रिवाज आहे. सगळे उठतात, ज्यांचे गुडघे गेलेत तेही, हॉलच्या एका भिंतीशी रांग धरतात आणि मान खाली घालून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालतात. टूथपिक, पत्रावळीच्या काड्या, लिंबाच्या बिया, सगळं वेचतात. वॉचमन दारात उभा राहून बघतो. कुणीतरी "सरळ रे रांग!" म्हणून ओरडलं, मालवणच्या काकांनी मला कोपराने ढोसलं, आणि मीही चालले. हॉल फार मोठा नव्हता. मला बरं वाटत होतं, आणि ते का, याचा मी तिथे विचार केला नाही.

घरी येऊन चहा घ्यायच्या आधी मी तिसऱ्या कागदावर लिहिलं: लक्षात आलं दोन पन्नासला, सांगितलं तीन पंधराला. सोमवारी सरांनी ते दोनदा वाचलं. "हे लिहायची गरज नव्हती गं." "होती, सर." त्यांनी पेन काढलं आणि सही केली. माझा अधिकार सहा महिने पुढे गेला. आता मोजणीच्या तक्त्यात डब्यांखाली आणखी एक ओळ आली आहे, डबा उघडून पाहिला का, आणि ती भरताना मुलं मला चिडवतात. सहा महिने फार नाहीत. सकाळी कामावर जाताना मला घाई नसते आणि झोपही चांगली लागते आहे.

हे मी कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. सुटा कागद हत्यारांच्या खोक्यात चालत नाही, म्हणून घरी नेईन. पुढे कुठे पाठवायचा प्रश्नच नाही.

आई शेजारणींना सांगते की वडिलांचं वळण आहे, म्हणून पोरीने खरी वेळ लिहिली. मी तिला दुरुस्त केलेलं नाही. पप्पा, तुमची गोष्ट मला शुक्रवारीही पाठ होती आणि शनिवारीही, आणि ती पाठ असूनच मी दोन्ही कागदांवर खोटं लिहिलं, कारण त्या गोष्टीतले तुम्ही घाबरलाच नव्हता. तुम्ही त्याच क्षणी सांगितलं होतंत असं काका म्हणाले असते, तर मी तिसऱ्या कागदावरही तीन पंधराच लिहिलं असतं.