बाबांच्या भांगेची नोंद

माधव नगर, उज्जैन

प्रिय अनय,

चार वर्षांपूर्वी तू जाणिवेवर संशोधन करायला बंगळूरला निघालास, तेव्हा बाबा म्हणाले होते, "मी जन्मभर फिजिक्स शिकवलं आणि पोरगा नशा करणाऱ्यांच्या मुलाखती घेणार." त्यानंतर त्यांनी तुझं नाव घेतलं नाही.

परवा शिवरात्रीला दुपारी त्यांनी भांगेची ठंडाई घेतली आणि माझ्या हातात वही दिली. "मुक्ता, घड्याळ बघून लिही. मी बोलेन तेवढंच, अपने मन से कुछ नहीं." नशेतला अनुभव वेळेसकट, बोलणाऱ्याच्याच शब्दांत टिपावा, असं सांगणारा तुझा लेख त्यांनी गुपचूप वाचलाय, हे मला त्या सूचनेवरूनच कळलं.

मी लिहीत गेले. चार दहा: पंख्याचा आवाज आधी येतो, पंखा नंतर फिरतो. चार पंचवीस: हात माझाच आहे, पण ओळख नवी. मग ते खूप वेळ हसले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "कारण नाही, असं लिही." पाच वाजता हसणं थांबवून म्हणाले, "हे सगळं बघणारा कोण आहे? अन्याला विचार, त्याला माहीत असेल."

मी तेही लिहिलं.

काल त्यांनी वही वाचली. ते वाक्य खोडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी खाली सही केली.

हे तुला कळवायला बसले, तर आत्ताच त्यांनी तुझा नंबर मागून घेतला. त्यामुळे पत्र आता टाकत नाही. गच्चीवरून त्यांचा आवाज येतोय, "हॅलो अन्या, तुझ्यासाठी एक नोंद आहे. वेळेसकट."

तुझी,
मुक्ताताई