दहाव्याला माझ्या नावाने दिलेला शब्द

बाबा, मोबाइलमधला माशांचा खेळ मी अजून सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. तुम्हाला जाऊन सात वर्षं होत आली, तरी घरात कुणी ना कुणी मला तुमच्या नावाने ऐकवतंच. म्हणून म्हटलं, एकदा तुम्हालाच सांगून टाकावं.

तुम्हाला हा खेळ कधी पटला नाही. मोशीच्या स्वयंपाकघरात जेवायला बसलो की माझ्या मोबाइलकडे बघून तुम्ही म्हणायचात, "ज्याका वास नाय, तो कसलो मासो गो?" मी समजावत राहायचे. टाकीत नर-मादीची जोडी लावायची, अंडी फुटेपर्यंत थांबायचं, पिल्लांना वेळेवर खायला घालायचं, मग त्यातलं एखादं हव्या त्या रंगाचं निघतं आणि पुढची जोडी त्याची. मला काळ्या अंगाचा, पांढऱ्या शेपटीचा मासा काढायचा होता. चाकणच्या कंपनीत दिवसभर दुसऱ्यांनी केलेले पार्ट तपासायचे. हा मासा मात्र माझा असणार होता, एवढंच माझं म्हणणं. "लगीन कर, खरी पोरां वाढव," असं तुम्ही म्हणालात, त्या दिवशी मी ताटावरून उठले. त्या बोलण्याचा राग अजून आहे.

एकदा नेमकी पिल्लं निघायची होती आणि आमच्या कंपनीत मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. नाइलाजाने तो तुमच्याकडे ठेवून गेले. दुपारी एकदाच खाऊ घाला म्हणून बजावलं होतं, तर तुम्ही बटण दाबतच बसलात. पाणी गढूळ होऊन सगळी पिल्लं मेली. मी घरी येते तर तुम्ही ओट्याजवळ उभे आणि तव्यावर पापलेट. "भुकेली दिसत होती गो," एवढंच म्हणालात. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले आणि पोटभर भांडलेही.

मग तुमचा दहावा. इंद्रायणीच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. तुमची कसली इच्छा राहिली असेल म्हणून एकेक जण हात जोडून शब्द देऊ लागला. आई म्हणाली, गावचं घर दुरुस्त करू. दादा म्हणाला, आईला सांभाळीन. कावळे झाडावर ढिम्म. ऊन चढलं तसे काका ओरडले, "तो मोबायलातलो माशांचो खेळ आमी तिका सोडूक लावतो, ये आता!" आणि कावळा आला. तेव्हापासून ते तुमचं शेवटचं मागणं ठरलंय. मी खेळताना दिसले की काका म्हणतात, बापाला दिलेला शब्द मोडतेस.

मी ऐकून घेत नाही. शब्द त्यांनी दिला, त्यांनी पाळावा. ज्या माणसाला खोट्या माशांची भूक दिसली, त्याचा जीव माझ्या खेळात अडकला होता, हे मला कुणी सांगू नये. कावळ्याला भूक लागली, तो आला. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या वर्षी काळा मासा निघाला, बाबा. आता त्याच्या कितव्या तरी पिढीला मी खाऊ घालते आणि लग्न न करता मजेत राहते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. काका ओरडायच्या जरा आधी, मान खाली घालून, मी मनातल्या मनात म्हणाले होते, "बाबा, सोडते मी खेळ, पण या." काकांना हे माहीत नाही.